हायब्रीडची भाकरी आणि लोखंडाचा मान

आमच्या दादीच्या तोंडी ‘हायब्रीड’ हा शब्द शिवीसारखा यायचा. ती बार्शीकडची, गावरान ज्वारीवर वाढलेली. सरकारने हायब्रीड ज्वारी आणली, घराघरात पोती लागली, पण दादीचं म्हणणं एकच, “भाकरीला चव न्हाई.” पुढे सर्दीने पडणारी आम्ही नातवंडंही तिच्या लेखी हायब्रीडच ठरलो.

गेल्या महिन्यात मी गोल्फच्या बॅगेतून तीन नंबरचं आयर्न काढून तिथे हायब्रीड क्लब ठेवला, तेव्हा बरोबरचे मित्र नेमके दादीसारखे हसले. “म्हाताऱ्याची काठी घेतलीस की!” मला ते लागलं. का लागलं, याचा विचार करताना हा लेख झाला.

आमच्या वस्तीतला माणूस आणि गोल्फ, हे जमलं कसं? अब्बा पुण्यातल्या एका गोल्फ मैदानावर माळी होते. आम्ही पोरं रविवारी साहेब लोकांच्या बॅगा उचलायचो. सोमवारी मैदान बंद असे, तेव्हा कॅडींना खेळायला मिळायचं. एका साहेबांनी वैतागून टाकून दिलेलं, ग्रिप फाटलेलं तीन नंबरचं आयर्न अब्बांनी घरी आणलं. कित्येक वर्षं माझ्याकडे तेवढा एकच क्लब होता. 1991 मध्ये कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. त्या दिवशी आमच्या गल्लीत ईदसारखा उत्साह होता. साहेबाला जे आयर्न जमलं नाही ते मला जमतं, हा माझा तेव्हाचा सगळा अभिमान.

आता खेळाचं बोलू. क्लबचा नंबर जितका लहान, तितकी त्याची दांडी लांब आणि तोंड उभं. तीन नंबरच्या आयर्नचा उतार जेमतेम वीस अंशांच्या आसपास असतो. पातं बारीक, बॉल बरोबर मध्यावर लागला तर ठीक, अर्धा इंच इकडेतिकडे झालं की हाताला झिणझिण्या. शिवाय इतक्या कमी उताराने बॉल उंच उचलायचा तर स्विंगला वेग हवा. हायब्रीडचं डोकं पोकळ आणि मागे फुगीर असतं. त्याचं वजन खाली आणि मागे सरकवलेलं असल्याने बॉल सहज वर जातो आणि ग्रीनवर उतरताना उभा पडतो, म्हणून थांबतो. रफमधल्या उंच गवतात आयर्नचं पातं अडकून फिरतं, हायब्रीडचा रुंद तळ गवतावरून घसरत निघून जातो.

पन्नाशीत माझं काय झालं होतं? माझं तीन, चार आणि पाच नंबरचं आयर्न जवळपास सारख्याच अंतरावर बॉल टाकत होतं. नियमाने बॅगेत चौदाच क्लब ठेवता येतात. त्यातल्या दोन जागा मी निव्वळ मानासाठी अडवून ठेवल्या होत्या.

लांब आयर्नची बाजू घेणारे बेन होगनचा दाखला देतात. 1949 च्या फेब्रुवारीत त्यांच्या गाडीला बसने धडक दिली, माणूस चालेल की नाही अशी अवस्था. सोळा महिन्यांनी मेरियनला यूएस ओपनच्या शेवटच्या होलवर त्यांनी एक नंबरच्या आयर्नने मारलेला फटका, त्याचा तो पाठमोरा फोटो, सगळं अजरामर झालं. पण एक गोष्ट विसरली जाते. त्या आयर्नला जागा करण्यासाठी होगननी सात नंबरचं आयर्न बाहेर ठेवलं होतं, कारण त्या मैदानावर त्याची गरज नाही असा त्यांचा हिशोब होता. म्हणजे होगनकडून शिकायचं असेल तर लोखंडाची भक्ती शिकू नये, हिशोब शिकावा.

दुसऱ्या बाजूला 2009 ची पीजीए चॅम्पियनशिप बघा. शेवटच्या होलवर वाय. ई. यांग एका फटक्याने पुढे, सोबतीला टायगर वूड्स. यांगनी दोनशे यार्डांहून लांबून, झाडावरून बॉल काढून थेट झेंड्याजवळ टाकला. हातात हायब्रीड होता. मेजर स्पर्धा जिंकणारा आशियातला पहिला पुरुष खेळाडू त्या क्लबने जिंकला. त्याला कोणी म्हाताऱ्याची काठी म्हणालं नाही.

लांब आयर्न टाकाऊ झालंय, असं मात्र मी म्हणणार नाही. वारा असेल, जमीन कोरडी टणक असेल, तर खालून जाणारा आणि पुढे धावणारा बॉल सोन्यासारखा. 2006 मध्ये हॉयलेकला वूड्सनी चार दिवसांत ड्रायव्हर एकदाच वापरला आणि टीवरून बहुतेक वेळा लांब आयर्न मारूनच ओपन जिंकली. ज्याच्या हातात तो वेग आहे, त्याने ते जरूर ठेवावं. काहींचा हायब्रीड डावीकडे ओढतो, त्यांनीही जपून. दहा बॉल याने, दहा त्याने मारा आणि किती कामाचे पडले ते मोजा. नंबरावर जाऊ नका, अंतर बघा. सारख्याच नंबरचा हायब्रीड बहुधा लांब जातो.

राहिलं ते जुनं आयर्न. एखाद्या कॅडी पोराला देऊन टाकावं, असं मनात आलं होतं. आमच्याकडे सगळे तेच करतात. मग माझा हात थांबला. प्रशिक्षक नाही, सरावाला बॉल नाहीत, आठवड्यातून एक सोमवार, अशा पोराच्या हाती आपण बॅगेतला सर्वांत अवघड क्लब देतो आणि त्याला दान म्हणतो! मी टिकलो हे खरं, पण माझ्याबरोबरची आठ-दहा पोरं ‘आपल्याला हा खेळ येत नाही’ म्हणून सोडून गेली. त्यांना खेळ येत नव्हता की हत्यार चुकीचं होतं, हे आता कसं ठरवणार?

अब्बांना हे सगळं सांगितलं. त्यांनी नवा क्लब हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “बॉल वर जातो ना? मग झालं.”

आयर्न घरी ठेवलंय, अब्बांची आठवण म्हणून ते मी कोणाला देणार नाही. मैदानावरच्या पोरांसाठी मात्र एक जुना हायब्रीड विकत घेतलाय. दादी असती तर नाक मुरडलं असतं. पण त्या बेचव ज्वारीनेच आमची पोटं भरली होती, हे तिलाही माहीत होतं.