चोर सोडून खुंटीला फाशी

होस्टेलच्या म्युझिक रूममधली काळी इलेक्ट्रिक गिटार यंदा भंगारात काढायची, असं गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये जवळपास ठरलंय. कारण एकच : ती सुरात राहत नाही, तिच्या कीज गेल्यात. माझा याला विरोध आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या, पण मुद्दा ऐका.) ज्यांची स्वतःची गिटार आहे त्यांचं काही बिघडत नाही. पण फर्स्ट इयरची चार-पाच मुलं रोज मेसनंतर त्याच एका गिटारवर शिकतायत. नवीन घेऊ म्हणतात, पण त्याचं बजेट मंजूर झाल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही.

'की गेली' ही समजूत मला वाटतं तानपुरा नाहीतर व्हायोलिनवरून आली असावी. तिथे खुंटी म्हणजे भोकात घट्ट बसवलेलं लाकूड, फक्त घर्षणावर टिकलेलं. हवा बदलली की ती खरंच सरकते. इलेक्ट्रिक गिटारच्या खुंटीत मात्र वर्म आणि वर्म व्हील असतं, आपण मशीन डिझाइनला शिकतो तेच. की फिरवली की खांब फिरतो, पण तारेने कितीही ओढलं तरी खांब कीला उलटी फिरवू शकत नाही. सेल्फ-लॉकिंग! परीक्षेत यावर पानभर लिहिणारे आपणच म्युझिक रूममध्ये येऊन म्हणतो, की सरकली. शहरातल्या एका दुकानदाराने तर गिटार हातात न घेताच सहाच्या सहा कीज बदलायला सांगितल्या. त्याचा तो धंदा आहे, आपलं काय?

वर्ममध्ये बॅकलॅश मात्र असतो. म्हणून तार चढी असेल तर नुसती उतरवून सोडायची नाही. सुराच्या थोडी खाली न्यायची आणि मग वर चढवत आणायची. एवढ्यानेच अर्ध्या तक्रारी मिटतील.

मग चोर कोण? बहुतेक वेळा नट, म्हणजे मानेच्या टोकाची ती पांढरी, खाचा असलेली पट्टी. तार बेंड केली की ती खाचेतून किंचित पुढे सरकते. सोडल्यावर तेवढीच मागे जायला हवी. खाच अरुंद किंवा खडबडीत असेल तर ती तिथेच अडकते आणि सूर उतरतो. ट्रेमोलोचा दांडा दाबला तर बरोबर उलटं : सैल पडलेली तार खुंटीकडे सरकते, अडकते आणि सूर चढतो. तेव्हा बेंडनंतर उतरणारी आणि दांड्यानंतर चढणारी तार दिसली की कीजकडे बघूसुद्धा नका. खात्री हवी असेल तर बेंडनंतर उतरलेली तार नट आणि खुंटीच्या मधल्या तुकड्यावर बोटाने दाबून सोडा. सूर जागेवर आला तर चोर सापडला. ट्यून करताना 'टिंक' असा आवाज येतो तोही याचाच.

उपाय? पेन्सिल. तार बाजूला करून खाचेत टोक घासायचं, ग्राफाइट हेच वंगण. फक्त ड्रॉइंगची २एच नको. ती कडक, तिच्यात मातीच जास्त. ४बी आणा.

दुसरा प्रश्न असा विचारायचा : एकच तार बिघडली की सगळ्या? सगळ्या एकाच दिशेला गेल्या असतील तर मान, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा किंवा हवा. ०.०१० इंचाच्या पहिल्या तारेचा मी हिशोब केला. स्टीलचं प्रसरण धरून, लाकडाचं वजा करून, १० अंश तापमान वाढलं की सूर जवळपास १० सेंट उतरतो (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन). थंड खोलीत ट्यून करून गरम लाइटखाली गेलात तर बिचारी गिटार काय करणार?

मोकळी तार बरोबर पण बाराव्या फ्रेटवर चढी असेल तर ब्रिजवरचं सॅडल मागे घ्या, उतरी असेल तर पुढे. पण आधी तारा बदला. आपल्या गिटारच्या तारा गंजल्यात, त्यांच्यावर सॅडल लावणं फुकट आहे. नव्या तारांना खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, आणि ते घट्ट बसेपर्यंत हाताने ओढून परत परत सुरात आणायचं.

आणि एक आरोप गिटारवर चुकून होतो. जी कॉर्ड गोड लागावी म्हणून कुणीतरी बीची तार कानाने उतरवतो, मग ई कॉर्ड कडू लागते. हा दोष गिटारचा नाहीच. समान बारा भागांच्या सप्तकात गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, फ्रेट्स तशाच बसवलेल्या असतात. पेटीच्या गंधाराबद्दल जुने गवई कुरकुरायचे ते हेच. ट्यूनर लावा, कॉर्डच्या गोडव्यावर जाऊ नका.

कमिटीकडे मागणी एवढीच : तारांचा एक सेट आणि एका रविवारी म्युझिक रूमची चावी. खुंट्यांचे स्क्रूही तेव्हा आवळून घेऊ. त्यानंतरही एखादी की खरंच झिजलेली निघाली तर तेवढी एक बदलू. ४बी पेन्सिल माझ्याकडे आहे.