कचऱ्याला ‘माणूस ठेवू’ म्हणणाऱ्यांनो!

शहरातील शिकल्यासवरल्या माणसाचा कचऱ्याशी संबंध उंबरठ्यापर्यंतच असतो. सकाळी डबा दाराबाहेर ठेवला की त्याचे कर्तव्य संपले. पुढे तो डबा कोण उचलतो, कोणत्या हातांनी निवडतो आणि त्या हातांची जात कोणती, हे तो विचारत नाही. कारण उत्तर त्याला पाठ असते.

फ्लॅटमध्ये गांडूळखत तयार करण्याचा विषय हल्ली पर्यावरणाच्या नावाने चर्चिला जातो. गॅलरीतली तुळस आणि गुलाब यांच्यापुढे ती चर्चा जात नाही. आम्ही मात्र या विषयाकडे छंद म्हणून पाहत नाही. घरातील उष्टे-खरकटे कोणी हाताळायचे, हा या देशात कधीही केवळ स्वच्छतेचा प्रश्न नव्हता. तो जातीचा प्रश्न होता आणि आजही आहे.

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव मांडला की, प्रत्येक घराने आपला ओला कचरा आपल्याच घरी गांडुळांकडून जिरवावा. कोणी विरोध केला नाही. उलट एक सभासद उठून म्हणाले, “कल्पना उत्तम आहे. त्यासाठी एक माणूस ठेवू.” सगळ्यांनी माना डोलावल्या. हा ‘माणूस’ म्हणजे कोण? या जागेसाठी कोणा उच्चवर्णीयाचा पोरगा अर्ज करणार आहे काय? म्हणजे गांडूळ नवे, डबा नवा, पण हात तेच जुने! बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. ‘माणूस ठेवू’ या दोन शब्दांत ती विभागणी आजही जिवंत आहे.

आणि काम तरी केवढे? झाकणाचा एक प्लॅस्टिकचा टब घ्यावा. हवेसाठी बाजूंना व पाणी निथळण्यासाठी तळाला भोके पाडावीत, खाली ताटली ठेवावी. आत वर्तमानपत्राच्या ओल्या पट्ट्या, नारळाचा काथ्या आणि ओंजळभर जुने शेणखत घालून त्यावर गांडुळे सोडावीत. शेतातले कोणतेही गांडूळ चालत नाही. कुजणाऱ्या थरात वाढणारी ‘आयसेनिया फेटिडा’ ही तांबडी जात लागते. परिस्थिती अनुकूल असेल तर ही गांडुळे दिवसाला आपल्या वजनाच्या निम्मे अन्न फस्त करतात. म्हणून अर्धा किलो गांडुळे आणली तर रोजचा पाव किलो भाजीपाला पुरे; सुरुवातीला त्याहूनही कमी घालावा. भाजीचे देठ, केळीच्या साली, चहाचा चोथा, अंड्याची चुरलेली टरफले चालतात. लिंबाच्या साली, तेलकट-खारट पदार्थ, मटणाची हाडे, बोंबलाचे काटे टाकू नयेत. आतला थर मुठीत दाबला तर जेमतेम एखादा थेंब निघावा, इतकाच ओलावा हवा. जास्त पाणी झाले की गांडुळे वर चढून पळू लागतात. दर वेळी वर कोरड्या कागदाचा थर दिला तर चिलटे होत नाहीत. मे महिन्यात डबा सावलीत ठेवून त्यावर ओले गोणपाट टाकावे. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत हाती येते. त्याला घाण वास येत नाही, पावसाळ्यातल्या मातीसारखा वास येतो. दिवसाला पाच मिनिटांचे हे काम आहे. ज्या प्राण्याच्या कामगिरीवर डार्विनने १८८१ साली अख्खे पुस्तक लिहिले, त्याच्या डब्यात हात घालायला आमच्या सुशिक्षितांना कमीपणा वाटतो!

आता हा डबा नसेल तर काय होते ते पाहा. मुंबईच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक कचरा ओला असतो. तो डम्पिंगवर थरांखाली दबला, हवा मिळेनाशी झाली की मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचे डम्पिंग असेच दिवसेंदिवस धुमसत होते. तो धूर कोणाच्या छातीत गेला? गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या दलित-मुस्लिम वस्त्यांच्या! ज्या १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच साली देवनारला कचरा टाकण्यास सुरुवात झाली. पाण्याचा हक्क मागणाऱ्यांच्या वाट्याला शहराने कचऱ्याचा डोंगर दिला.

आता आपल्या घरातला प्रश्न. आमचे काही तरुण आम्हाला विचारतात, “वकीलसाहेब, बापजाद्यांनी आयुष्यभर दुसऱ्याची घाण उपसली. बाबासाहेबांनी ते काम सोडायला लावले. आणि तुम्ही आम्हाला फ्लॅटमध्ये गांडुळे पाळायला सांगता?” हा संताप आम्ही समजू शकतो. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्ट्या तुकड्यांची लाचारी टाकून देण्यास सांगितले होते. ते शब्द आम्ही विसरलेलो नाही. परंतु फरक नीट समजून घेतला पाहिजे. दुसऱ्याची घाण जन्माने उपसणे ही गुलामी आहे. स्वतःच्या ताटातले उरलेले स्वतः जिरवणे हा स्वाभिमान आहे. पहिली गोष्ट नाकारणारा माणूस आपली घाण दुसऱ्या गुलामाच्या डोक्यावर ठेवूच शकत नाही. आपण फ्लॅटमध्ये राहायला गेलो आणि दाराबाहेरचा डबा उचलायला आपलाच एखादा भाऊ येत असेल, तर आपण फक्त मजला बदलला, व्यवस्था बदलली नाही.

हे काम ‘पवित्र सेवा’ आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. गांधीजींनी सफाईकामाचा असा गौरव केला आणि बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्याचा खरपूस समाचार घेतला. तथागतांनी सुनीताच्या झाडूची आरती केली नाही, त्याला संघात घेतले. २०१४ नंतर झाडू हातात घेऊन फोटो काढणारे पुष्कळ झाले. फोटो संपल्यावर झाडू कोणाच्या हातात परत गेला, हे सांगायला नको.

काही कार्यकर्ते शंका घेतात की, घरोघरी कचरा जिरला तर सफाई कामगारांच्या पोटाचे काय? शंका रास्त आहे. पण कामगाराचे पोट घाणीने नव्हे, हक्काने भरते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या २७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. कचरा वाढला म्हणून ते कायम झाले नाहीत, संघटित झाले म्हणून झाले. शिवाय ओले खरकटे वेगळे राहिले की कागद, पुठ्ठा भिजत नाही, भंगारात भाव चांगला येतो. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातील कचरावेचक बहुसंख्येने दलित स्त्रिया आहेत. त्यांनी पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काढली. घरोघरी वेगळा केलेला कचरा ही त्यांची जुनी मागणी आहे, मेहेरबानी नव्हे.

कायदाही आपल्याच बाजूने आला आहे. अलमित्रा पटेल यांच्या १९९६ च्या याचिकेनंतर २००० साली केंद्राने घनकचऱ्याचे नियम केले. २०१६ च्या नियमांनी कचरा वेगळा करण्याची जबाबदारी थेट घरावर टाकली. २०१७ साली मुंबई महापालिकेने २० हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांना तो आवारातच जिरवण्यासाठी मुदत दिली. तेव्हा अनेकांनी आरडाओरड केली. ‘आम्ही कर भरतो,’ हे त्यांचे म्हणणे! कर भरल्याने दुसऱ्याच्या हातांची मालकी मिळत नाही, हे त्यांना कोणी सांगायचे?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्याच्या घरात हात चालते आहेत, त्याने आपला डबा आपण सांभाळावा. सोसायटीला सामायिक खड्डा करायचा असेल तर पाळी सभासदांनी लावावी. वृद्ध, आजारी माणसांसाठी कामगार ठेवणे भागच पडले तर त्याला किमान वेतन, हातमोजे, भविष्य निर्वाह निधी आणि रजा द्यावी, आणि त्या कामाची जाहिरात सर्व जातींसाठी खुली करून दाखवावी.

बुद्धविहारांनी आणि आपल्या वस्त्यांनी यात पुढाकार घ्यावा. विहाराच्या आवारात एक टब ठेवावा, मुलांना गांडूळ दाखवावे आणि सोबत देवनारचा इतिहासही सांगावा. पुढच्या सभेत ‘माणूस ठेवू’ असे कोणी म्हणाले तर त्याला एकच प्रश्न विचारावा : तुमच्या घरातले कोण येणार?