कौंडण्यपूर ते पंढरपूर: सगळे पाय बघतात, पाठीचं काय?

वारी सुरू झाली की आपल्या फीडवर पाय दिसायला लागतात. फोड आलेले, भेगा पडलेले, स्वयंसेवक तेल लावून चोळतायत असे. पाठीचा फोटो मात्र कुणी टाकत नाही.

अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर. इथून रुक्मिणीमातेची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते आणि ही परंपरा १५९४ पासूनची सांगितली जाते. पाचशे किलोमीटरहून जास्त वाट, महिन्याहून जास्त चालणं. एका खांद्याला पिशवी, हातात टाळ, कितीतरी बायांच्या डोक्यावर तुळशीवृंदावन. या सगळ्याचा भार पाठीच्या मधल्या भागावरही येतो.

मान आणि कंबर यांच्यामध्ये १२ मणके असतात. त्यांना जोडलेल्या बरगड्यांच्या १२ जोड्या. वरच्या ७ थेट छातीच्या मधल्या हाडाला मिळतात, पुढच्या ३ आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला, आणि शेवटच्या २ पुढून मोकळ्याच. याला आपण पिंजरा म्हणतो खरं, पण हा पिंजरा सतत हलतो. श्वास घेताना वरच्या बरगड्या हापशीच्या दांड्यासारख्या पुढून वर उचलल्या जातात. खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूने वर येतात. एक हात छातीवर आणि एक कुशीवर ठेवून मोठा श्वास घ्या, लगेच कळेल.

चालतानाही हाच भाग कामाला असतो. उजवा पाय पुढे गेला की डावा हात पुढे येतो. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे. कंबरेचे मणके फारसे वळत नाहीत, त्यामुळे हा पीळ बराचसा छातीमागचे मणके घेतात. दोन्ही हातांनी वृंदावन धरलं की खांद्यांचं हे फिरणं जवळपास थांबतं. (रीलमध्ये हे दिसत नाही, कारण रील समोरून काढलेली असते.)

आता खरा मुद्दा. या दिंडीतल्या कितीतरी बाया वऱ्हाडातल्या शेतकरी, शेतमजूर. वर्षानुवर्षं पराटीत वाकून कापूस वेचलेल्या. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, मग मणक्याची पुढची बाजू दबते आणि पाठीला पोक येतं. पुष्कळदा हाड मोडल्याचं कळतही नाही, ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं. पोक वाढलं की बरगड्या एकमेकींजवळ येतात, फुफ्फुसाला फुगायला जागा कमी पडते. चढावर धाप लागते ती फक्त पाय थकल्यामुळेच, असं नाही.

पाय चोळून देणं चांगलंच आहे. पण ओझं उचलल्यावर पाठीत अचानक कळ आली आणि ती जात नसेल, तर तेल नको, एक्स-रे हवा. वळल्यावर किंवा दाबल्यावर दुखणारी पाठ बहुतेकदा स्नायूंची किंवा सांध्यांची असते. छातीत किंवा दोन खांद्यांच्या मध्ये दाब, सोबत घाम, धाप असेल तर मात्र ते ‘गॅस’ धरून चालायचं नाही. तिथेच बसवायचं आणि १०८ ला फोन लावायचा, पुढचा मुक्काम येईपर्यंत थांबायचं नाही.