जीं कलमें कोर्टांत चालत नाहींत

आपल्या राज्यघटनेच्या चौथ्या भागांत, म्हणजे ३६ पासून ५१ पर्यंतच्या कलमांत, राज्याच्या धोरणाचीं मार्गदर्शक तत्त्वें सांगितलीं आहेत. सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यानें, विणकरानें आणि विडी वळणाऱ्या बाईनें हीं कलमें एकदां कोणाकडून तरी वाचून घ्यावीं, अशी आमची विनंती आहे. त्यांत त्यांचाच संसार लिहिला आहे. ४१ व्या कलमांत काम, शिक्षण आणि म्हातारपणीं व आजारपणीं मदत यांचा हक्क आहे. ४३ व्यांत माणसासारखें राहतां येईल इतकी मजुरी व खेड्यांतील घरगुती धंद्यांस उत्तेजन आहे. ४७ व्यांत पोषण व आरोग्य आहे.

परंतु दारांतच ३७ वें कलम उभें आहे. तें सांगतें कीं, हीं तत्त्वें राज्यकारभाराचा पाया आहेत, तीं अमलांत आणणें राज्याचें कर्तव्य आहे. मात्र त्यांसाठीं कोर्टांत दाद मागतां येणार नाहीं. घटना समितींत प्रो. के. टी. शहा यांनीं यास बँकेच्या सवडीनें वटणाऱ्या चेकची उपमा दिली. डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं मसुदा मांडतांना म्हटलें कीं, सत्ताधाऱ्यास कोर्टापुढें नसला तरी निवडणुकींत मतदारांपुढें जाब द्यावाच लागेल. आमच्या मतें दोघेही खरे ठरले.

शिक्षणाचेंच पाहा. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सक्तीचें प्राथमिक शिक्षण मागितलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत तें सुरू करण्याचें ठरविलें. घटनेच्या ४५ व्या कलमानें चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं सरकारास दहा वर्षांची मुदत दिली; ती १९६० सालीं सरली. हक्क घटनेंत आला २००२ सालीं आणि कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजीं! ज्या मुलीच्या हातीं १९६० सालीं पाटी यावयाची, तिच्या मांडीवर विडीचें सूप आलें. तिची नात शाळेंत जाऊं लागली तेव्हां कोठें हा कायदा झाला. बँकेची सवड ती हीच.

यावर सरकारचें उत्तर ठरलेलें असतें: आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? पण आड खणतां येतो, हें याच महाराष्ट्रानें दाखविलें आहे. १९७२ च्या दुष्काळांत सोलापूरसारख्या जिल्ह्यांतील लाखो हात खडी फोडावयास व पाझर तलावांवर उतरले. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठीं शहरांतील पगारदार व व्यावसायिकांवर कर बसविला, १९७७ सालीं कायदा केला, आणि काम मागूनही न मिळाल्यास भत्ता देण्याची जबाबदारी सरकारनें पत्करली. ४१ व्या कलमांतील कोरडा शब्द असा मजुराच्या हातीं पडला. पुढें २००५ सालीं केंद्रानेंही तसा कायदा केला.

विडी कामगारांसाठीं १९६६ सालीं वेगळा कायदा झाला व घरीं बसून वळणारी बाईही कामगारच, हें मान्य झालें. तरी मजुरी हजार विड्यांच्या मापानें, आणि नापसंत ठरलेल्या विडीची मेहनत तिचीच बुडते. मात्र जेथें बाया संघटित झाल्या, तेथें कुंभारीस २००६ सालीं दहा हजार घरें उभीं राहिलीं. तेथेंच असंघटित कामगारांच्या रे नगरांतील पंधरा हजार घरें १९ जानेवारी २०२४ रोजीं लोकांच्या ताब्यांत दिलीं गेलीं. कोर्टाच्या हुकुमाची वाट पाहत त्या बसल्या असत्या तर हें झालें नसतें.

तेव्हां बांधवांनो व भगिनींनो, ३७ व्या कलमानें कोर्टाचें दार बंद केलें असलें तरी ग्रामसभेचें व मतपेटीचें दार उघडें आहे. ग्रामसभेंत उठून विचारा. कामाची मागणी लेखी करा व तारखेची पावती घ्या. मत मागावयास येणाऱ्यास जात, गोत विचारूं नका; ४१ व ४३ व्या कलमांसाठीं तूं मागील पांच वर्षांत काय केलेंस, एवढेंच विचारा. आणि उत्तर मिळालें नाहीं, तर शेजाऱ्यासही तें सांगा.