शरणपूरचा जेकब

झिम्बाब्वेच्या पेटिना गप्पाह यांची ‘आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट’ ही 2019 ची कादंबरी नाशिककरांनी आवर्जून वाचावी. तिच्या निवेदकांपैकी एक, जेकब वेनराइट, आपल्या शरणपूरला शिकला.

जेकब खराखुरा होऊन गेला. पूर्व आफ्रिकेतल्या याओ समाजाचा हा मुलगा. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली अशी मुलं मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली अनेक चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या आश्रमात येत. बायबल, इंग्रजी, सुतारकाम, लोहारकाम शिकत. 1872 मध्ये आफ्रिकेत भटकणाऱ्या मिशनरी-शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीला जेकबसह यांच्यातलेच काही जण गेले. मे 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला. सोबत्यांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना म्हटली, झाडावर नाव कोरलं. मग वाळवलेला देह सुमारे दीड हजार मैल चालत त्यांनी समुद्रापर्यंत आणला. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता.

साम्राज्याने ही पायपीट स्वामिनिष्ठेची कथा म्हणून सांगितली. गप्पाह यांनी त्या नोकरांना नावं, भांडणं, वासना, राग दिले. दुसरी निवेदक, स्वयंपाकीण हलीमा, मोकळेपणी बोलते, तिचा भाग भराभर वाचून होतो. जेकबचा भाग मात्र मला जड गेला. बायबली इंग्रजीत तो आपल्याच माणसांना रानटी ठरवतो, आणि ही नजर त्याला आमच्या गावात मिळाली! चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’मधला मिशनकडे गेलेला न्वोये त्याचाच भाऊबंद. गप्पाह यांनी जेकबची टर उडवली असं मला वाटत नाही. सुटका झालेल्या मुलाकडून त्या सुटकेची काय किंमत वसूल झाली, ते त्यांनी दाखवलं. शिवाय त्याच शिक्षणामुळे खऱ्या जेकबने या प्रवासाची रोजनिशी लिहिली. ती 1874 मध्ये जर्मन भाषांतरात छापली गेली. म्हणून मिशनच्या शाळेवर सरसकट निकाल देणं मला जमत नाही.

1875 मध्ये मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रियरटाउन वसलं, तेव्हा नाशिकला शिकलेले आफ्रिकी तिथे स्थायिक झाले. जेकब 1892 मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला.

1840 पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाने या कादंबरीवर एक संध्याकाळ ठेवावी. आणि महापालिकेने शरणपूर रोडवर जेकबच्या नावाची एक पाटी लावावी.