बाटली उघडण्याआधी

खानदेशात हरितगृहाचा विषय निघाला की भाषणं होतात ती जरबेरा आणि रंगीत ढोबळी मिरचीवर. जळगाव-धुळ्यात या छपराखाली चालणारा मोठा धंदा मात्र रोपांचा आहे. केळीच्या उतिसंवर्धित रोपांचं हार्डनिंग आणि मिरची, पपई, कलिंगडाचे प्रो-ट्रे, हेच आपलं पोट. भवरलाल जैन यांनी नव्वदच्या दशकात जळगावात ग्रँड नैनची उतिसंवर्धित रोपं आणली आणि पुढे रावेर-यावल पट्टा कंदावरून रोपाकडे वळत गेला. रोपवाटिका भराभर वाढल्या. त्या चालवणारी माणसं त्या वेगानं तयार झाली नाहीत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मृगबागेला रोप जूनमध्ये हवं. प्रयोगशाळेच्या बाटलीतून निघाल्यावर पॉलिहाउसात प्राथमिक आणि शेडनेटखाली दुय्यम हार्डनिंग मिळून दोन-अडीच महिने सहज जातात. म्हणजे मार्चअखेर ते मे. भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो, तेव्हाच आपण पानावर मेणाचा थरही नीट न धरलेलं रोप सांभाळत असतो. भर दुपारी वीज गेली, फॉगर थांबले आणि वरच्या झडपा बंद राहिल्या, की तासाभरात ट्रे भाजून निघतात. इथे महागड्या यंत्रापेक्षा शिस्त उपयोगी पडते. तापमान-आर्द्रतेचा मापक दारापाशी न लावता रोपांच्या उंचीवर सावलीत टांगा, वहीत दिवसातून तीनदा आकडे लिहा, जनरेटर दर आठवड्याला चालवून बघा. कोकोपीट धुतल्यावर निचऱ्याच्या पाण्याचा ईसी मोजल्याशिवाय ट्रे भरू नका.

तितकंच महत्त्वाचं कौशल्य रोप टाकून देण्याचं. खुजी, पांढरट पट्ट्यांची, वेड्यावाकड्या पानांची रोपं हार्डनिंगमध्येच ओळखू येतात. ती वेचणाऱ्या बायकांच्या नजरेवर तुमची पत उभी असते. त्यांना दर हंगामाला बदलणं अजिबात परवडणारं नाही. कुकुंबर मोझॅक विषाणू मावा पसरवतो आणि काकडीवर्गीय पिकं, तणं त्याला आसरा देतात. तरीही केळीच्या शेडनेटला खेटून कलिंगडाचे ट्रे मांडलेले दिसतात. हे थांबलंच पाहिजे.

बुकिंगबद्दलही बोलायला हवं. जागेपेक्षा जास्त आगाऊ रक्कम घेतली, की तीन पानांचं रोप गेटबाहेर जातं. पाच-सहा निरोगी पानं येईपर्यंत रोप द्यायचं नाही, आणि पाऊस लांबला तर पिशवीत थांबलेल्या रोपांचं काय करायचं, हे पावतीवर आधीच लिहून घ्यायचं. लॉट नंबर आणि बाटली उघडल्याची तारीखही बिलावर छापा.

मार्चमध्ये बाटल्या मागवण्याआधी एवढी तयारी झाली नसेल, तर यंदा निम्मीच रोपं घ्या.