नालवाडीची कसोटी : एक जाहीरनामा

आम्ही वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वीकडच्या दवाखान्यांत, पतसंस्थांत, बाजार समित्यांत, महाविद्यालयांत काम करणारी माणसं. काही खुर्चीवर आहोत, काही काउंटरवर. कृत्रिम बुद्धिमत्ता आमच्या दारात आली आहे. कर्जाचा कोणता अर्ज पुढे जावा, कोणत्या रुग्णाला आधी पाहावं, कोणाचं कंत्राट वाढवू नये, हे ती सुचवू शकते. हमीभावाने कापूस विकायला आताच ॲपवर नोंदणी लागते, आणि ज्याला ती जमत नाही तो व्यापाऱ्याच्या दारात जातो. बदल अडवायचा आमचा विचार नाही. तो कोणाला विचारून आणि कोणाच्या जिवावर करायचा, एवढं आम्हाला ठरवायचं आहे.

यंत्राआधी माणसाचा विचार करणं नवं नाही. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं, तेव्हा अटी आधी लिहिल्या. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी. बाईला झोपडीत बसून फार न थकता आठ तास चालवता यायला हवा. दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. आमच्या संस्था आज याच्या उलट करतात: आधी सॉफ्टवेअर घेतात आणि मग त्याच्या मापाने माणसं कापतात.

पण आमचा खरा आधार १९३५ सालचा आहे. कातणाऱ्या बायांना मिळणारी मजुरी फार तुटपुंजी होती. विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडीत रोज आठ-नऊ तास कातत बसले आणि त्या चार दिडक्यांत पोट भरतं का, ते स्वतः जगून पाहू लागले. त्याच वर्षी चरखा संघाने किमान मजुरीचं धोरण घेतलं. त्याने खादी महागणार आणि गिऱ्हाईक तुटेल, ही भीती खोटी नव्हती. तरी ते घेतलं. दुसऱ्याच्या ताटातलं ठरवणाऱ्याने आधी त्या ताटात जेवावं, ही या मातीतली रीत आहे. आमची प्रत्येक मागणी तिथूनच निघते.

म्हणून हजेरी, कामाचा वेग आणि चुका मोजणारं यंत्र आधी वर्षभर संचालकांना लागू व्हावं, शिपायाला त्यानंतर. पगाराला कात्री लावायची वेळ आली तर ती वरून लागावी. करारावर सही होण्याआधी, ज्यांच्या कामावर यंत्र येणार त्यांना ते मराठीत समजावून सांगावं आणि त्यांचा नकारही इतिवृत्तात नोंदवावा. ‘सिस्टीमच तसं दाखवते’ हे उत्तर आम्ही देणार नाही, ऐकूनही घेणार नाही. कर्ज नाकारलं, रुग्णाला परत पाठवलं, कोणाला कामावरून काढलं, तर त्या कागदावर माणसाचं नाव हवं, ज्याच्यासमोर उभं राहून जाब विचारता येईल असं.

सगळ्यात अवघड गोष्ट नोकऱ्यांची. काही कामं जातील. जाणार नाहीत असं सांगणारा प्रमुख फसवतो आहे, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. पुलगावची कापड गिरणी बंद पडल्यावर गावाचं काय झालं, ते आम्हाला कोणी सांगायला नको. कोणतं काम जाणार आणि कधी, हे ज्या दिवशी प्रमुखाला कळेल त्याच दिवशी कर्मचाऱ्यांना कळलं पाहिजे. मुलीचं लग्न, मुलाची फी, पऱ्हाटीचं कर्ज माणूस वर्षभर आधी जुळवत असतो. आणि नवं काम शिकायचं तर ते कामाच्या वेळेत, संस्थेच्या पैशाने.

या जाहीरनाम्यावरच्या सह्यांचा क्रम ठरलेला आहे. अध्यक्ष, सचिव, व्यवस्थापक, प्राचार्य, अधीक्षक यांनी आधी सही करायची. ती होईपर्यंत परिचारिका, कारकून, संगणकचालक यांच्याकडे हा कागद न्यायचा नाही. सही करणाऱ्या प्रमुखाने, येत्या वर्षात आपल्याकडे कोणतं यंत्र येऊ घातलं आहे आणि त्याने कोणाचं काम बदलणार आहे, ते स्वतःच्या हाताने लिहून सूचना फलकावर लावायचं आहे.